निवृत्त वाहक आणि त्यांचे अर्धवाहक

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बसवर वाहक होते. अडतीस वर्षं. लोक कंडक्टर म्हणायचे, पण खिशावरच्या बिल्ल्यावर 'वाहक' लिहिलेलं होतं, आणि बिल्ल्यावर लिहिलेलं तेच खरं असा त्यांचा स्वभाव. निवृत्त होताना बिल्ला जमा करावा लागला. स्वभाव कोणी जमा करून घेतला नाही, तो आमच्या घरी आला. स्वयंपाकघराच्या दाराशी दोघी बोलत उभ्या दिसल्या की अजून म्हणतात, "दारात गर्दी नको, आत सरका."

तर या भाऊजींनी सहासष्टाव्या वर्षी ठरवलं, इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं.

हौस म्हणून नव्हे, तेवढं त्यांच्या बाजूने बोलते. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला. तिला आम्ही नुसतं धाकटीच म्हणतो. उजवा हात आणि उजवा पाय गेला. डाव्या बोटांत आधीचाच संधिवात, त्यांत कापूस उचलावा इतकंच बळ राहिलं, आणि आवाज असा बारीक झाला की उशाशी बसलेल्यानेही कान खाली न्यावा. आणि ऐकायला घरात कोण? इंजिनाशेजारी उभं राहून दोन्ही कानांचा भुगा करून घेतलेला नवरा. एका दुपारी मी गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. भाऊजी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले, आणि आतल्या खोलीत धाकटी दीड तास ओल्या चादरीवर पडून हाका मारत राहिली.

त्या दिवसापासून तिने पाणी सोडलं. पाणी प्यायलं की कोणाला तरी बोलवावं लागणार, बोलवलं तर कोणी येणार नाही, त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. हिशोब सरळ होता. ओठ फुटले, अंगात कणकण राहू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल." मी चमचा घेऊन बसायचे. चार चमचे झाले की ती तोंड मिटायची, आणि मिटलेलं तोंड उघडवणं माझ्या सासूबाईंनाही कधी जमलं नव्हतं.

तिच्या हातात छोटी घंटा दिली, ती पहिल्याच दिवशी बोटांतून निसटून पलंगाखाली गेली. दुकानातून बटणाची बेल आणली. बटण असं कडक, की धडधाकट मला दोन अंगठे लावावे लागले. शेवटी भाऊजी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेले. ही पोरगी मोबाइल, मिक्सर, रेडिओ, जे बिघडेल ते उघडून बसते. ती म्हणाली, "काका, नुसतं बोट टेकलं की वाजेल अशी बेल होते. मी देते करून. अर्ध्या तासाचं काम."

शहाण्या माणसाने "दे बाई" म्हटलं असतं. आमचे भाऊजी म्हणाले, "मला शिकव. माझ्या बायकोची बेल मी करणार."

"अहो भाऊजी," ते घरी आल्यावर मी म्हटलं, "ती अर्ध्या तासात देते म्हणतेय ना?"

"तिला अर्धा तास लागतो, वहिनी. मला एक लागेल."

तीन आठवडे लागले.

रोज सकाळी वही बगलेत मारून भाऊजी दुरुस्तीवालीच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसू लागले. कोणाकडून तरी एक जुनं पुस्तकही पैदा केलं. त्यात पहिल्याच पानावर काय निघावं? 'ज्यातून वीज सहज वाहते, त्यास वाहक म्हणतात.' झालं! पुस्तक नाचवत स्वयंपाकघरात आले. "वहिनी, बघा, आमचं नाव छापलंय!" पुढचं पान उलटलं तर 'अर्धवाहक'.

"हे कोण?" मी विचारलं.

भाऊजींनी जरा विचार केला. "नवीन भरती असणार. आमच्याकडेही असायचे, सहा महिने कच्चे."

माझं शिक्षण चौथी, तेव्हा मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवालीने तो अर्धवाहक भाऊजींच्या हातावर ठेवला. वाटाण्याएवढा काळा ठिपका आणि त्याला तीन पाय. त्याचं नाव ट्रान्झिस्टर. एका पायाला इवलीशी वीज दाखवली की हा दुसऱ्या दोन पायांतून मोठी वीज सोडतो म्हणे. म्हणजे थोडक्यात वाहकच. घंटीची दोरी किंचित ओढायची, की अख्खी बस हलते. हे भाऊजींना चटकन कळलं, आणि तिथून ते अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले.

पहिला बळी एका लहानशा लाल दिव्याचा गेला. रोधक नावाची रंगीत पट्ट्यांची कांडी मध्ये न घालता त्यांनी दिवा थेट नऊ व्होल्टच्या सेलला जोडला. दिवा एकदाच चमकला आणि वर गेला. भाऊजी म्हणाले, "माल खराब." दुसराही खराब निघाला. चौथा खराब निघाल्यावर दुरुस्तीवालीने दिव्यांची डबी त्यांच्या हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवली.

मग डाख द्यायला शिकले. तापलेल्या कांडीने कथलाची तार वितळवायची आणि दोन तारा सांधायच्या. तारा सोडून बाकी सगळं सांधलं गेलं. माझा चहाचा चमचा जेवणाच्या टेबलाला सांधला गेला. तो अजून तिथेच आहे. पाहुणे विचारतात, आम्ही शोभेचा आहे म्हणून सांगतो.

धाकटी आतून सगळं ऐकत होती. मी चमचा घेऊन बसले की डोळ्यांनी विचारायची, झाली का? मी म्हणायचे, "होतेय हं. तुझा नवरा कच्चा आहे अजून." ती गालातल्या गालात हसायची, आणि त्या हसण्यात मी एक चमचा जास्त घालून घ्यायचे.

आणि एका सकाळी पुढच्या खोलीतून आवाज आला, "पींऽऽ!"

भाऊजींना तो ऐकू आला, म्हणजे आवाज कसा असेल बघा. पुठ्ठ्यावर दोन उघड्या तारा शेजारी शेजारी, त्यावर भाऊजी अंगठा टेकवत होते आणि बेल किंचाळत होती. पुन्हा टेकवला, पुन्हा किंचाळली. दुरुस्तीवालीला निरोप गेला. परीक्षेला गुरू हवाच! वरात धाकटीच्या खोलीत गेली. भाऊजींनी पुठ्ठा तिच्या डाव्या हाताखाली सरकवला, तिची दोन बोटं तारांवर ठेवली.

काही नाही.

"नीट टेकव ना," भाऊजी म्हणाले.

तिने टेकवली. बोटं थरथरेपर्यंत टेकवली. बेल गप्प. भाऊजींनी ओढून घेऊन स्वतःचा अंगठा लावला, "पींऽऽ!" परत तिचा हात, परत गप्प.

"अगं, तू लावतच नाहीयेस!"

धाकटीने हात मागे घेतला. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, "ताई... माझ्यात करंटच... नाही उरला." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी आयुष्यात दिरावर हात उचललेला नाही. त्या दिवशी तो उचलायला जागा होती. पण भाऊजींचा चेहरा असा पडला होता, की मारायला काही शिल्लकच नव्हतं. ते पुन्हा पुन्हा आपला अंगठा लावून बघत होते, बेल पुन्हा पुन्हा वाजत होती, आणि दुरुस्तीवाली तारा उलटसुलट करून चक्रावली होती. मी नुसती बघत होते. बघता बघता दिसलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "जीभ आत ठेवा आणि मग लावा."

"काय?"

"अंगठा पुसा. कोरडा करा. आता लावा."

लावला. बेल गप्प.

अडतीस वर्षं तिकीट फाडायच्या आधी अंगठा जिभेला लावलेला माणूस! पेपर उलटताना थुंकी, दार उघडताना थुंकी, विजेला हात लावतानाही थुंकी. आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. दुरुस्तीवाली भिंतीला टेकून हसत सुटली. "काका, तुमचा ओला अंगठा वीज जाऊ देत होता! काकूंची बोटं कोरडी आहेत. त्यातून जेमतेमच जाते, एका ट्रान्झिस्टरला ती पुरत नाही. दुसरा जोडू, म्हणजे पहिल्याचं तो आणखी वाढवेल."

"एक अर्धवाहक आणि दुसरा अर्धवाहक," मी म्हटलं, "मिळून एक पुरता वाहक. एवढं तर मलाही येतं."

"आजी, तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

तिने पिशवीतून दुसरा ट्रान्झिस्टर काढला. "बरं, तसंच समजा."

दुसरा अर्धवाहक तिने नाही जोडला, भाऊजींनीच जोडला. या वेळी तार तारेलाच सांधली. अंगठा धोतराला तीनदा पुसून मगच लावला. वाजली. मग पुठ्ठा तिच्याजवळ ठेवून पलंगाशी गुडघ्यावर बसले. त्यांना गुडघ्यावर बसलेलं मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "चूक माझी होती. एकदा लाव."

 तिने भिंतीकडून न वळता हात मागे सोडला, जिथे पडेल तिथे. पडला तो तारांवर.

"पींऽऽऽऽ!"

तिने बोटं उचललीच नाहीत. पुरतं मिनिटभर घर किंचाळत होतं. भाऊजी म्हणाले, "उचल आता, ऐकू आलं." ती उचलेना. दीड तासाची बाकी होती ना! मग उचलली, ओठ हलवले, मी वाकले. तिला पाणी हवं होतं. पेला अर्धा झाल्यावर थांबली नाही, पुरता संपवला, आणि संध्याकाळी दुसरा.

सलाईन टळलं. शांतता मात्र आमच्या घरातून कायमची गेली. पंखा वाढव, पींऽऽ. पंखा कमी कर, पींऽऽ. परवा भाऊजी अर्धी दाढी टाकून धावत गेले, तर म्हणाली, "काही नाही... बघत होते." संध्याकाळी ते दुरुस्तीवालीला विचारायला गेले, की बाई, ही मध्येमध्ये बंद ठेवायची काही कळ बसवता येते का. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "काका, तो फार अवघड धडा आहे. इतक्यात नको."

नुसता सेल काढला तरी बेल बंद पडते, हे भाऊजींना अजून सुचलेलं नाही. किंवा सुचलंही असेल. सेल जरा मंदावला, की त्याच दिवशी जाऊन नवा आणतात आणि स्वतः बसवतात.