आडव्या बाटलीच्या बाई

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकलं असेल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

"हा कर."

एवढे दोन शब्द ऐकू आले की आमच्या गावात मिशीवाला गडीसुद्धा रस्ता बदलायचा. बाईंनी सगळी नोकरी गावच्या शाळेत केली. रिटायर झाल्यावरही कुणाची चाल वाकडी दिसली की त्याला थांबवायच्या आणि तोंडाचा वास घ्यायला म्हणायच्या, "हा कर." बाई बुटक्या. गडी वाकून हा करायचा. त्याचं पहिलं अक्षर बाईंनीच हात धरून गिरवून घेतलेलं असायचं, नाही कसं म्हणणार?

गावातलं देशी दारूचं दुकान त्यांनीच बंद पाडलं. आम्हा बायांचं मतदान झालं, तेव्हा चिठ्ठीवर दोन बाटल्या होत्या, एक उभी, एक आडवी. आडवी म्हणजे दुकान बंद, आडवीवर शिक्का मारा, असं सांगत बाई दारोदार फिरल्या. दुकान बंद झालं, पण तोवर माझा घरवाला दारूपायी गेला होता. तेव्हापासून मी बाईंकडं भाकरी-भांडी करायला लागले. लोक त्यांना मागून 'आडवी बाटली' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांना एकच मुलगा, अमोल. मालक लवकर वारले, बाईंनी एकटीनं वाढवला. तो पुण्याला हॉटेलचं शिकला. "म्यानेजर हाये," बाई सांगायच्या. मग एक दिवस गावातल्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ फिरला. काळा एप्रन, मागं बाटल्यांची रांग, आणि अमोल हसत हसत दारूचा पेला बनवतोय. दुधाच्या डेअरीपाशी कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमी आडवी केली, पोरगं उभी करून राहिलं." बाईंनी घरी येऊन फोन लावला. "माझ्या दारात पाय ठेवू नको," म्हणाल्या आणि ठेवून दिला. तो परदेशात गेला ते आम्हाला लोकांकडून कळलं.

काही वर्षांनी बाईंचे पाय सुजले, डोळे पिवळे झाले. नांदेडच्या डॉक्टरनं लिव्हर गेलं म्हणून सांगितलं. दारू न पिताही जातं म्हणे. गाव तोंडाला पदर लावून हसलं. बाई म्हणाल्या, "गावानं पिलेली सगळी माझ्याच पोटात गेली वाटतं."

अमोलला फोन लावताना मात्र त्या हसत नसत. फोन वाजून वाजून बंद पडायचा. तुमची तब्येत कळवू का, मी विचारलं.

"नको. दया येऊन आलेलं लेकरू मला न्हाई पाह्यजे."

तो जुना व्हिडिओ त्या पुन्हा पुन्हा बघायच्या. एका सकाळी म्हणाल्या, "हे मला करायचंय."

मला वाटलं ताप डोक्यात गेला. "काहून, बाई?"

"त्याचं काम मी कधी बघितलंच न्हाई गं. नुसती नावं ठेवली. एकदा माझ्या हातानं करते, त्याला दाखवते. मग येवो न येवो."

व्हिडिओतल्या त्या पेल्यात लिकर लागायचं, म्हणजे व्हिस्कीची मधासारखी गोड केलेली दारू. वर लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्यातलं पांढरं. त्याला 'सावर' म्हणतात, आंबट असतं म्हणून. लिंबू-साखर घरात होतं. बाटली कोण आणणार? मी मेले तरी दारूच्या दुकानाची पायरी चढले नसते. शेवटी ज्याचं दुकान बंद पाडलं त्या शेठलाच बाईंनी बोलावलं. त्यांनी आता त्याच जागी किराणा टाकलाय.

"एवढी भारी हिंगोलीत न्हाई भेटायची," शेठ म्हणाले. "नांदेडहून मागवावी लागंल. माझं दुकान ठिवलं असतं तर..."

"तुझ्या दुकानात कधी होती असली? तू नुसतं इख विकलं."

शेठनी मान खाली घातली. पण बाटली आणून दिली. पेन्शन औषधातच जायची, त्यामुळं बाईंनी निम्मेच पैसे दिले. शेठ म्हणाले राहू द्या. बाई म्हणाल्या, "दारूवाल्याचं देणं ठिवून मी मरणार न्हाई."

हलवायला भांडं नव्हतं. लोणच्याचा फिरकीच्या झाकणाचा डबा मी घासून घासून त्याचा वास घालवला. बर्फ खलबत्त्यात फोडला. बाईंनी सगळं एकदम डब्यात ओतलं आणि पलंगावर बसून ताक घुसळावं तसा जोर लावला. फिरकी नीट बसली नव्हती. झाकण उडालं, सगळं बाईंच्या पातळावर, भिंतीवर, माझ्या केसांत. त्या वासानं माझा घरवाला दारात उभा राहिल्यासारखं झालं. मी मोरीत जाऊन ओकले.

तेवढ्यात दारूबंदीच्या बाया बाईंना भेटायला आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.

"बाई, हा कशाचा वास येऊन राहिला?"

औषध सांडलं म्हणता आलं असतं. मी मनातून तेच म्हणत होते. बाई म्हणाल्या, "दारू हाये. अमोल करतो ती. शिकून राहिले." कुणी बसेना. "हा करून दाखवू का?" बाईंनी तोंड उघडलं. ओठ सुकलेले, जीभ पांढरी. कुणी जवळ गेलं नाही. आणलेली केळी दाराशी ठेवून बाया निघून गेल्या.

त्या दिवशी बाईंना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. "जन्माचं नाव गेलं. आता तो तरी यावा."

तुम्ही असता तर बाटली फेकली असती. बाईंनी दुसऱ्या दिवशी परत डबा मागितला. मी मोबाईल धरला. पेला भरला, पण वर फेस आला नाही. तसाच व्हिडिओ पाठवला. त्याखाली निळ्या खुणा आल्या. त्यानं बघितलं होतं, उत्तर मात्र नाही. बाई फोन उशाखाली ठेवायच्या. पोट फुगत चाललं होतं. डॉक्टरनं आता पुन्हा आणू नका म्हणून सांगितलं.

मग एका दुपारी फोनवर त्याची अक्षरं आली. मी वाचून दाखवली. 'आधी बर्फ नको. नुसतंच हलव. मग बर्फ.'

बाई उठून बसल्या. "चूक काढली त्यानं. वही तपासल्याबिगर चूक निघती का?"

त्यानं सांगितलं तसं केलं. फेस धारेच्या दुधावर येतो तसा वर आला. पण चव कुणी बघायची? बाईंना थेंब चालत नव्हता, मला वास सहन होत नव्हता. शेठला बोलावलं. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.

"बराबर हाये, बाई."

"खोटं बोलू नको."

"आयुष्यभर हेच विकलं, बाई. यात खोटं न्हाई बोलायचो."

व्हिडिओत बाई एवढंच म्हणाल्या, "अमोल, फेस आला बघ." रात्र व्हायच्या आत उत्तर आलं. 'निघालो.'

बाई सारखं विचारायच्या, कुठवर आला? मुंबईत उतरला, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि हाताची बोटं माझ्या मनगटावर ठेवली. ती गार होईपर्यंत तिथंच होती.

गावानं त्याच्यासाठी बाईंची तिरडी थांबवून ठेवली. तो आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. अंगण माणसांनी भरलेलं. कुणी या म्हणेना, त्याचा पाय उचलेना. मी कधी मोठ्यानं बोललेली नाही. तेव्हा बोलले. "आत ये. बाईंनीच बोलवलंय तुला."

राख सावडून झाल्यावर त्यानं मला विचारलं, बाटली कुणी आणली होती. मी सांगितलं, देणं राहिलंय तेही सांगितलं. आम्ही दोघं शेठच्या दुकानात गेलो. शेठ तांदूळ निवडत होते.

"राहू दे, पोरा. मीच पिलो की."

"न्हाई, काका. आईचं हाये."

शेठनी हात पुसले. नोटा घेतल्या, गल्ल्यात टाकल्या.

"समदे आले," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "बाईला सांग तसं."

आणि सूप मांडीवर घेऊन ते पुन्हा तांदूळ निवडायला लागले.