लंडनचं तिकीट आणि आईचं रेशन कार्ड

मंडळी, आज दुपारी नात माझं लंडनचं तिकीट काढायला बसली. स्वस्त विमान, साधं हॉटेल, सगळं मोबाइलवर, माझा चहा संपायच्या आत. मग म्हणाली, "आजी, पासपोर्ट दे."

तो शब्द ऐकला आणि मी उठून आत गेले.

चौसष्ट साली मी अठरा वर्षांची होते. आम्ही वलगावला राहायचो आणि दादा शिष्यवृत्तीवर लंडनला शिकत होता. तो दवाखान्यात आहे, वाचेलसं दिसत नाही, अशी तार आली. आई भाकरी बांधून मला घेऊन थेट अमरावती स्टेशनवर गेली. खिडकीत म्हणाली, "बाबूजी, लंडनची दोन तिकिटं द्या."

बाबू हसला नाही. "मावशी, तिथं विमानानं जा लागते. पासपोर्ट हाये का?"

आईनं पदराखालून रेशन कार्ड काढलं. "हे पाहा ना, त्याचं नाव हाये याच्यात. मी माय हाओ त्याची."

मागे रांग खोळंबली होती. मला लाज वाटली. मीच तिला ओढत बाहेर आणलं.

चार दिवसांनी दुसरी तार आली. घरचं कुणी नव्हतं म्हणून दवाखान्यानं दादाला तिकडेच पुरलं होतं.

आई तशीही पोचली नसती. पण खिडकीवरून तिला ओढलं मी.

साठ वर्षांपूर्वीची कबर लंडनमध्ये कशी शोधतात, कुणाला माहीत आहे का? माझ्याकडे नंबर नाही. ते रेशन कार्ड आहे. त्यावरचं दादाचं नाव आईनं मरेपर्यंत कमी करू दिलं नाही.