घरी सैपाक कोन करते?

मित्रांनो, आज ब्रह्मपुरीला नव्या डॉक्टरांना बीपी दाखवलं. "सोबत कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मावसभाऊ." सतरा वर्षं माझ्यासोबत राहणारा माझा जोडीदार दिलीप खाली बघत राहिला.

कुरखेड्याचे आमचे जुने डॉक्टर आठवले. ते आता नाहीत. त्यांनी नातं कधी विचारलं नाही. पहिल्याच भेटीत म्हणाले, "घरी सैपाक कोन करते?" दिलीपने हात वर केला. "मंग तू समोर बस. भाजीत मीठ कमी टाकजो."

जीपमधून उतरल्यावर दिलीप म्हणाला, "मावसभावाले चाय पाजशीन का?" हसलो, पण लागलं. नवे डॉक्टर कसे आहेत हे कळण्याआधीच मी खोटं बोललो होतो.

सोमवारी परत जायचं आहे. दिलीपला समोरच्या खुर्चीत बसवून खरं सांगेन. तुम्ही डॉक्टरांना पहिल्यांदा कसं सांगितलंत?