वजा केलेलं जहाज

कल्पना करा, समुद्राच्या तळात गाडलेलं लोखंड तुम्हाला शोधायचंय. जहाजामागे लांब दोरावर चुंबकमापक ओढत तुम्ही निघालात. पण जहाजही लोखंडाचंच. ते आपलं चुंबकत्व मापात मिसळतं, आणि तोंड वळलं की भेसळही बदलते. म्हणून आधी एकाच जागेवरून सगळ्या दिशांनी जायचं, प्रत्येक दिशेची भेसळ किती ते काढायचं, आणि नंतर ती वजा करायची. उरेल त्यावर विश्वास ठेवायचा.

आमच्या मापनवाल्या ताई त्यावरही ठेवत नसत. खलाशी त्यांना पाठीमागे ‘शंकाताई’ म्हणत. तोंडावरही म्हणत.

बंदराच्या वाटेतला गाळ दुसऱ्या दिवसापासून उपसायचा होता. उपसणाऱ्या यंत्रावर ताईंचा धाकटा भाऊ होता. खाली एखादी विसरलेली गॅसची पाइपलाइन असली, तर यंत्रासकट माणसं गेली असती.

वाट अरुंद. जहाज तीन समांतर रेघांत नेत माप घेतलं; मधली रेघ जाताना मारली, कडेच्या दोन्ही येताना. मधल्या रेघेवर आकडे सलग चढलेले. कचेरीने काढून पाठवलेली भेसळ वजा केली, आणि चढ साफ गेला.

“जहाजाचाच प्रताप,” कप्तान म्हणाले. “तळ मोकळा म्हणून करा सही.”

“इतका साफ कसा गेला?”

“राहिला असता तरी तुम्ही तोंड वाकडंच केलं असतं!”

ताई सही न करताच डेकवर गेल्या. मागच्या टोकाला ताज्या रंगाचा वास येत होता. दोर गुंडाळायचा रहाट नवाकोरा होता, चांगला जाडजूड लोखंडी.

“हा कधी बसवला, काका?”

“परवा,” वेल्डरकाका खुशीत म्हणाले. “जुना फार कुरकुरायचा.”

दिशांचं माप त्याच्या कितीतरी आधीचं. ताई तशाच वर गेल्या.

“कप्तानसाहेब, आपण वजा केलं ते जुनं जहाज. मधली रेघ उलटीकडून मारा.”

“आत्ता? ओहोटी लागलीय, ताई!”

“माझा भाऊ आहे त्या यंत्रावर.”

कप्तान पुटपुटले, पण जहाज वळलं. आता तिन्ही रेघा एकाच दिशेच्या. भेसळ तिन्हींत सारखी, वजाबाकीची गरजच नाही. मधली तरीही चढलेलीच, म्हणजे लोखंड खालीच होतं.

दुसऱ्या दिवशीचा उपसा रद्द झाला. भावाचा फोन आला, “ताई, फुकटची सुट्टी दिलीस! काय आहे गं खाली?”

“पाणबुडे बघतील,” ताई म्हणाल्या.

त्यांना दुसरंच खात होतं. कचेरीचा चुकीचा आकडा नेमका त्या चढाएवढाच कसा निघाला? आपोआप, की उपसा अडू नये म्हणून कुणी मुद्दाम जुळवून बसवला?