टेकडीवरच्या घराच्या फळ्या

माझ्या थोरल्या बहिणीला सारी गल्ली ‘ताडपत्रीवाली’ म्हणते. बंदरामागच्या दगडी गाळ्यात ती होड्यांची आवरणे, मालमोटारींची झाकणे आणि गळक्या छपरांची पांघरुणे शिवते. बोटे दाभणाने निबर झालेली, आवाज खणखणीत, आणि अपमान विसरण्याची कला तिला मुळीच अवगत नाही. हे चित्र तिचे आहे; परंतु तिच्या दिराला वगळून ते पुरे होणार नाही, आणि त्या गृहस्थाविषयी मी सौम्य शब्द वापरावेत अशी अपेक्षा कोणी करू नये.

माझे मेहुणे सुतार होते. टेकडीवरचे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारले. समुद्र दिसावा म्हणून खिडक्या रुंद ठेवल्या आणि समुद्राचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक खिडकीच्या मापाची जाड फळी करून ठेवली. वादळ आले की फळी चौकटीवर बसवायची आणि बोल्ट आवळायचे. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक फळीवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरे होती: ‘दिवाणखाना, डावी’, ‘माडी, मधली’, ‘आईची खोली’.

जमीन मात्र बहिणीच्या सासऱ्यांच्या नावावर होती. ती गुपचूप धाकट्या मुलाच्या नावावर झाल्याचे मेहुणे गेल्यानंतरच उघडकीस आले. महिनाही लोटला नव्हता तोच दिराने बहिणीला अंगणात बोलावून, शेजारीपाजारी ऐकत असताना सांगितले, “घर माझं आहे, वहिनी. दादानं नुसता रंधा मारला. तुमची सोय तुम्ही बघा. आणि जाताना त्याचा तो लाकूडफाटाही न्या. घरात अडगळ नको.”

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून ब्र निघाला नाही.

बहिणीने वाद घातला नाही. सगळ्या फळ्या हातगाडीवर रचल्या आणि टेकडी उतरली. मी मात्र अर्जामागून अर्ज केले. प्रत्येक कचेरीने मला पुढच्या कचेरीचे दार दाखवले, आणि पुढच्या कचेरीने मागच्या कचेरीचे. बहीण तेव्हापासून मला ‘अर्जदार’ म्हणते.

“अर्जदार, पुरे कर. मला घर नकोय,” ती एकदा म्हणाली. “त्यानं चारचौघांत माझ्या माणसाची मेहनत नाकारली. चारचौघांतच कबूल करायला पाहिजे. तेवढं झालं की मी गप्प.”

त्या फळ्या सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकून तिने कापड बेतण्याचे मेज केले. वर्षानुवर्षे ताडपत्र्या त्या अक्षरांवरच कापल्या गेल्या.

यंदाचे चक्रीवादळ दूर समुद्रात जन्मले तेव्हा तिने सवयीप्रमाणे भिंतीवर नकाशा लावला. रेडिओवर वादळाचा ठावठिकाणा सांगत, तिथे ती टाचणी खोवी. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात टीव्ही होता. त्यावरच्या नकाशात वादळापुढे पसरत जाणारा, पंख्याच्या आकाराचा पांढरा पट्टा दाखवत, आणि पंख्याच्या मधोमध एक काळी रेष. वादळ पंख्यात कुठेही वळू शकते, हे निवेदक घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होता. पण गावाने पाहिली ती रेषच.

न्हावी वस्तरा पुसत बातमी घेऊन आला. “ताई, तुमचा दीर दाढीला आला होता. म्हणतो, रेष आपल्यापासून लांबून जाते, खिडक्या झाकायची गरज नाही. पाहुणे बोलावलेत म्हणे, माडीवरून लाटा बघायला.”

“रेष म्हणजे काय आगगाडीचा रूळ आहे?” बहीण दाताने दोरा तोडत म्हणाली. “लाटा बघतील. चांगल्या जवळून बघतील.”

पुढच्या टाचण्या रेष सोडून आमच्या बाजूला सरकू लागल्या. बंदरावर मोठ्या धोक्याचा बावटा चढला. होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या गेल्या, आणि दुकानांतून प्लायवूड, खिळे, दोरखंड असे सगळे बघता बघता संपले. त्या दुपारी दीर टेम्पो घेऊन गाळ्याच्या दारात उभा राहिला. सोबतचे दोन हमाल दोर सैल करू लागले होते. देणार की नाही, हे विचारण्याचीही त्याला गरज वाटली नव्हती.

“वहिनी, त्या फळ्या हव्यात.”

“कसल्या फळ्या?”

“थट्टा कसली करताय? वादळ तोंडावर आलंय. दादाच्या फळ्या.”

“त्या होय? तो लाकूडफाटा आहे, भाऊजी. तुमच्या घरात अडगळ कशाला?”

दीर माझ्याकडे वळला. “मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी सांगा यांना. शेवटी घरचंच नातं आहे.”

मी चष्मा पुसला. “रीतसर अर्ज करा,” मी म्हणालो. “पुढच्या कचेरीत.” हे वाक्य उच्चारताना मला झालेला आनंद लपवण्याचे काहीएक कारण मला दिसत नाही.

बहिणीने हातातली कात्री खाली ठेवली. “भाऊजी, घर कोणी बांधलं? रस्त्यावर माणसं आहेत, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा. सगळ्या फळ्या देते.”

तो आजूबाजूला पाहू लागला. न्हावी दारात होता, समोर राहणारी परिचारिका खिडकीत होती. “ही वेळ आहे का असल्या गोष्टींची?”

“मग राहिलं.” तिने मेजाच्या कडेची एकच फळी ओढून काढली आणि हमालाच्या हाती दिली. ‘आईची खोली’. “ही न्या. त्यांनी माझ्यासाठी तोंड उघडलं नाही, पण मी त्यांच्या घरात सून म्हणून राहिले होते. बोल्ट चांगले आवळा.”

माझे मत विचाराल तर मी तीही दिली नसती.

टेम्पो वळण घेतो न घेतो तोच तिने मेज मोडले आणि उरलेल्या फळ्या गल्लीत वाटल्या. न्हाव्याच्या काचेवर ‘दिवाणखाना, डावी’ ठोकली गेली, परिचारिकेच्या खिडकीवर ‘माडी, मधली’, आणि खाटकाच्या दुकानावर ‘देवघर’.

“झालं!” खाटीक म्हणाला. “आता सुरी कुठे पाजळू?”

टेकडीवरून आमची गल्ली स्वच्छ दिसते. आपल्या घराच्या खोल्या अशा रस्ताभर ठोकलेल्या दिराला दिसाव्यात, म्हणून अक्षरे बाहेरच्या बाजूला ठेवायची सूचना माझी होती.

वादळ सकाळी आदळले. गल्लीच्या फळ्या टिकल्या. टेकडीवर दिवाणखान्याची काच आधी फुटली. वारा आत शिरला आणि त्याने छप्पर आतून उचलून दरीत भिरकावले. सगळे कुटुंब, पाहुण्यांसकट, सासूबाईंच्या खोलीत पलंगाखाली दाटीवाटीने बसून वाचले. त्या खोलीवर गच्ची होती, आणि खिडकीवर फळी.

वारा ओसरताच गाळ्यासमोर ताडपत्र्यांसाठी रांग लागली. अशा वेळी बहिणीची एक पद्धत असते. वाऱ्याने उडालेली ताडपत्री ओळखता यावी, म्हणून ती घर कोणाचे हे विचारते आणि ते नाव ताडपत्रीच्या मधोमध, हातभर अक्षरांत रंगवते. पाऊस चालूच होता. दीर रांगेत भिजत उभा होता. त्याची पाळी आली.

“घर कोणाचं?” तिने विचारले.

“माझं.”

“टेकडीवर? तिथे तुमचं घर असल्याचं मला ठाऊक नाही. पुढचे कोण?”

मागून कोणीतरी खाकरले. दीर निमूटपणे रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिला.

पुन्हा पाळी आली तेव्हा तो पुटपुटला, “दादाचं.”

“ऐकू आलं नाही. आणि दादानं काय केलं होतं तिथे? नुसता रंधा मारला होता ना?”

त्याने मान खाली घातली, पण आवाज चढवला. “दादानं बांधलं. पायापासून छपरापर्यंत. आणि तुम्हाला तिथून मी काढलं, वहिनी.”

तिने कुंचला बुडवला आणि अक्षरे सावकाश, एकेक करून काढली: ‘सुताराचे घर’. एवढी मोठी, की बंदरातल्या होडीवरूनही वाचता यावीत. नवे छप्पर चढेपर्यंत, म्हणजे सबंध पावसाळा, ती टेकडीवर झळकणार होती.

दिराने ताडपत्री उचलली. मग घुटमळला. “वहिनी, उलटी अंथरली तर? अक्षरं आतल्या बाजूला?”

“अंथरा की,” ती पुढच्या माणसाचे माप घेत म्हणाली. “उलट्या बाजूनं ती गळते.”