मोकळी झाली

भाचीला मुलगी झाली म्हणून दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खाटेवर सकाळीच बाळंत झालेली एक सून गाढ झोपली होती. तिची सासू नर्सला हळूच विचारत होती, "सिस्टर, लगेच तांबी बसवलीत, ती वर काळजात तर नाही ना चढायची? आणि दूध आटलं तर?"

"ती गर्भपिशवीतच राहते, मावशी. दुधालाही काही होत नाही. कधी कधी निसटते, म्हणून तपासायला मात्र आणा. पुढचं मूल हवंसं वाटलं की काढून देऊ."

"असू दे मग. तिनंच मागितली होती."

बाळंत झालेल्या बाईला आपण मोकळी झाली म्हणतो. माझी आई अशी पुन्हा पुन्हा मोकळी झाली आणि मोकळी कधीच नव्हती. पाळी लांबली की तिचा चेहरा उतरायचा, आणि आम्ही पोरं आपलं काय चुकलं ते शोधत बसायचो. बोटाच्या पेराएवढ्या त्या तांबीला मी मनोमन हात जोडले.

सासूनं सुनेचं पांघरूण सारखं केलं आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, "हो, मोकळी झाली."

तो शब्द मला पहिल्यांदाच पुरता खरा वाटला.