दहावं नाव

"काय काय घेतलं ते आधी बघा, मंग न्हाई म्हणा."

एवढं बोलून गाईडच्या बाई दारातच कॅनव्हासचे बूट काढायच्या, कोणी सतरंजी अंथरायची वाट न बघता फरशीवर बसायच्या आणि पाठीवरची खाकी पिशवी पुढ्यात घेऊन तिचे पट्टे सोडायला लागायच्या. घरच्या बाईनं चहाचं विचारेपर्यंत अर्धी पिशवी बाहेर आलेली असायची.

तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील, आठवून बघा. घनसावंगीच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मुलींचं गाईडचं पथक सांभाळायच्या, आणि मी मराठी शिकवायचे. वयानं चाळिशीच्या, अंगानं काटकुळ्या, लग्न केलेलं नव्हतं. घरी आई होती, तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बाईंचा आवाज कायम वरच्या पट्टीत. स्टाफरूममध्ये त्या आमच्या कानात काही सांगायला लागल्या की मैदानावरची मुलं खेळायची थांबायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. स्काऊटची मुलं दर हिवाळ्यात शिबिराला जायची. कोणाच्या सह्या नाहीत, परवानग्या नाहीत, दोन तंबू आणि एक पातेलं घेतलं की निघाली. मुलींचं शिबिर मात्र शाळेनं कधी पाहिलं नव्हतं. बाईंना ते करायचं होतं. तीर्थपुरीच्या रस्त्याला त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची आमराई होती, तिथं दोन दिवस आणि एक मुक्काम. आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. त्यांनी एक अट घातली.

"दहा पालकांच्या सह्या आणा बाई. नऊ चालणार न्हाईत. बिलकुल न्हाई."

दहाच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्या वर्षी चार सह्या मिळाल्या, दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी बाईंनी ही पिशवीची युक्ती काढली. सही मागायला जायचं ते रिकाम्या हातानं नाही, शिबिराला नेणार तीच पिशवी भरून न्यायची आणि आईबापांसमोर उघडायची.

बाई जिथं जायच्या तिथं मी सोबत असायचे. मी दोन लेकरांची आई, त्यामुळे घरातल्या बायका माझ्याकडे बघून लवकर मोकळ्या व्हायच्या, असा बाईंचा हिशेब. मी पिशवीच्या शेजारी बसून माना डोलवायचे. पाचसहा घरं झाल्यावर मला ती पिशवी पाठ झाली. टॉर्च, तिचे सेल उलटे घातलेले, म्हणजे पिशवीत दाबून आपोआप पेटायची नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडीपेटी. शिट्टी. वीस हात दोरी. कापूस, टिंक्चर, ओव्याची पुडी, मीठ-साखरेची पुडी. पाणी गाळायचं फडकं आणि तुरटी. एकेक वस्तू फरशीवर ठेवताना बाई तिचं कारण सांगायच्या, आणि ते वर्गात भूगोल सांगायच्या त्यापेक्षा चांगलं सांगायच्या.

"विंचूकाटा निघाला तर?" हा प्रश्न प्रत्येक घरी यायचाच.

"जागा आधी झाडून घेणार, बूट झटकल्याबिगर पाय घालायचा न्हाई. शेतवाल्याची जीप बांधावर उभी राहणार. दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो ते मी बसून बघून आल्ते. आन् पोरींच्या आधी मी सोता एक मुक्काम करून आल्ते, आईला घेऊन."

"आईला काय वाटलं?"

"तिला काय ऐकूच येत न्हाई. लई शांत जागा हाय म्हणली."

पिशवीच्या अगदी तळाला निळ्या रुमालात बांधलेली एक घडी असायची. ती पुरुषांसमोर निघत नसे. घरधनी पान थुंकायला उठला, की बाई आईपुढं तो रुमाल सोडायच्या. आत धुवट, इस्त्री केलेल्या कापडाच्या घड्या. बाई त्यावर काहीच बोलायच्या नाहीत. त्या आया मात्र त्या घड्यांकडे बघत राहायच्या. आपल्या पोरीच्या त्या अडचणीचाही कोणी विचार केलाय, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागायचा, आणि बहुतेक सह्या तिथंच मिळायच्या.

ज्यांनी सही दिली नाही, त्यांनीही पिशवीत भर घातली. नाही म्हणायचं आणि वर रिकाम्या हातानं पाठवायचं, हे आमच्याकडच्या बायकांना जमत नाही. कोणी सुई-दोरा दिला, कोणी हळकुंड, कोणी बाळंतशोपा. एका काकूंनी नातीला नाही पाठवलं, पण बाईंच्या गळ्यात तेलाची बाटली मारली. नकार मिळेल तशी पिशवी जड होत गेली. शेवटी एका घरचे दादा म्हणालेच, "बाई, येवढं सगळं नेऊन राह्यलात, मंग घरच घेऊन जा की." बाई एवढ्या हसल्या की त्या दादांनी सही करून टाकली.

दर शनिवारी मैदानावर मुलींची तालीम चालायची. ज्यांच्या सह्या आल्या नव्हत्या त्याही पिशव्या भरून यायच्या. एकीनं उशी आणली, एकीनं आरसा आणि पावडरचा डबा, एकीच्या लोणच्याचं तेल इतिहासाच्या वहीत उतरलं. बाई कोणाला रागवत नसत. पिशवी पाठीला लावून मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावायच्या.

"आता काय काढायचं ते पाठीला इचारा, मनाला इचारू नका."

दुसऱ्या फेरीला उशी बाहेर यायची, तिसरीला आरसा. पावडरचा डबा मात्र त्या पोरीनं शेवटपर्यंत सोडला नाही. बाई म्हणाल्या, असू दे, तिची पाठ तयार हाय.

डिसेंबर उजाडला तेव्हा नऊ सह्या झाल्या होत्या. बाईंची बदली उन्हाळ्यात होणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मुख्याध्यापकांकडे यादी द्यायचा शेवटचा दिवस शनिवार होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाई पिशवी घेऊन माझ्या घरी आल्या.

माझी थोरली तेव्हा नववीत होती. तीही शनिवारच्या तालमीला जायची. ती जाणार असं मीही समजून चालले होते, बाईही समजून चालल्या होत्या. म्हणून तर तिचं नाव त्यांनी शेवटी ठेवलं होतं. माझ्याकडे पिशवी उघडायची गरजच नव्हती. तरी बाई फरशीवर बसल्या, पट्टे सोडले. म्हणाल्या, "सगळ्यांना दाखवलं, तुम्हाला न दाखवून कसं चालंल."

यांना विचारलं, तर हे म्हणाले, "तुझ्याच शाळेचं आहे, तू ठरव." म्हणजे ढालही उरली नाही.

बाई एकेक वस्तू काढत होत्या आणि मी मनातल्या मनात पुढची सांगत होते. टॉर्च. काडीपेटी. दोरी. मला कुठल्याही वस्तूबद्दल शंका नव्हती. आदल्याच महिन्यात लेक मोठी झाली होती, पण त्याचीही तयारी तळाशी बांधलेली होती, आणि ती मी कितीतरी घरी डोळ्यांनी पाहिली होती. कारण म्हणून पुढं करावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. तिनं माझ्या घराबाहेर झोपू नये, एवढंच वाटत होतं.

"पुढच्या वर्षी पाठवते," मी म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "पुढच्या साली ती दहावीला. दहावीच्या पोरीला कोन सोडतंय? आन् मी तरी कुठं ऱ्हाणार इथं?"

त्या मला एकही वाकडा शब्द बोलल्या नाहीत. काढल्या त्याच क्रमानं सगळ्या वस्तू उलट्या भरल्या, चहा पूर्ण घेतला, बशी धुऊन ठेवली आणि गेल्या. मी इतक्या घरी त्यांच्या शेजारी बसून माना डोलवल्या होत्या, त्यातल्या एकीचीही त्यांनी मला आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

आतल्या खोलीत गेले तर लेक जमिनीवर बसली होती. तिनं मला न सांगता तिची पिशवी आधीच भरून ठेवली होती. आता ती एकेक वस्तू काढत होती आणि जागच्या जागी ठेवत होती. ताट ताटाळ्यात, पेला फळीवर, चादर कपाटात. काडीपेटी चुलीजवळ ठेवायला गेली तेव्हा माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. रडली असती तर मी सही केली असती, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. आता वाटतं, तेव्हाही केली नसती.

शिबिर रद्द झालं. ठरल्या दिवशी बाईंनी नऊ मुलींना सकाळी शाळेच्या मैदानावर बोलावलं. दोन्ही तंबू ठोकले, तीन दगडांची चूल मांडली, पिठलं-भाकरी केली. मुलींनी अंथरुणंसुद्धा घातली. दिवस कलायला लागला तशी बाईंनी शिट्टी वाजवली. तंबू उतरले, अंथरुणं गुंडाळली, चुलीवर पाणी ओतलं आणि अंधार पडायच्या आत त्या एकेकीला घरोघर पोचवून आल्या. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. पेपर तपासायचे आहेत असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

उन्हाळ्यात बाईंची बदली मंठ्याला झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं, मराठीची शिक्षिका म्हणून ते माझ्याकडेच यायचं. चांगलं झालं म्हणाले सगळे.

पुढं आम्ही मुलांच्या कॉलेजसाठी जालन्याला आलो. लेकीचं लग्न झालं. ती प्रेमळ आहे, फोन करते, दिवाळीला येते. त्या शुक्रवारचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

बाईंच्या बदलीनंतर आठ-नऊ वर्षांनी एका लग्नाला मंठ्याला जाणं झालं. जेवणं आटोपल्यावर मी बाईंच्या शाळेत गेले. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून बघितलं होतं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची रिकामी होती.

शिपाई म्हणाला, "बाई पोरी घेऊन कॅम्पला गेल्यात. जालना रोडलाच हाय, कॅनॉलच्या अलीकडं. एसटीतून दिसंल तुम्हाला."

त्यानंतर दोन वर्षांनी बाई गेल्या. मला कळलं तेव्हा चौदावा होऊन गेला होता. माझ्याजवळ त्यांचा फोटो नाही, अक्षर नाही. आहे ते त्या दुपारच्या एसटीतलं.

मी खिडकीची जागा धरून बसले होते. गाव मागं पडलं आणि डाव्या हाताला कडुनिंबाखाली तंबू दिसले. विहिरीवर पोरींची रांग लागली होती, हातोहात घागरी पुढं जात होत्या. बाई पदर खोचून खुंटीशी ओणव्या झाल्या होत्या, पाठ रस्त्याकडे. कंडक्टर माझ्या पुढच्याच सीटशी उभा होता. थांबवा म्हटलं असतं तर त्यानं थांबवली असती. मी पोरी मोजायला लागले. आठ झाल्या, नऊ झाल्या, दहा झाल्या. अकरावी पोरगी घागर घेऊन पळत होती. बारा, तेरा, आणि मग कॅनॉलचा पूल आला.